सल्ला: ८१ वर्षांच्या नानांसाठी सोबतीचा माणूस कसा निवडावा?

पत्र

आईला जाऊन अकरा महिने झाले. नाना (वय ८१, पाटबंधारे खात्यातून निवृत्त) नाशिकला इंदिरानगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. लिफ्ट नाही. आंघोळ, कपडे, संडास-बाथरूम सगळं स्वतःचं स्वतः करतात. गुडघा दुखतो म्हणून काठी घेतात. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या चालू आहेत. सकाळी धुण्या-भांड्याच्या मावशी आणि स्वयंपाकाच्या ताई येऊन जातात, अकरानंतर घरात कोणी नसतं. रात्रीचं जेवण झाकलेलं असतं, पण ते चहा-बिस्किटावर भागवतात. गेल्या महिन्यात दोनदा दूध उतू गेलं आणि गॅस तसाच चालू राहिला. मी बंगळुरूला, ताई ठाण्याला. ती दर पंधरा दिवसांनी येते. एका ब्युरोने दिवसाच्या बारा तासांच्या केअरटेकरचे महिना २४,००० रुपये सांगितले. दुसरीकडे ओळखीतून कळलेले ५८ वर्षांचे एक गृहस्थ रोज चार तास, रविवार सोडून, ९,००० रुपयांत यायला तयार आहेत. नाना म्हणतात, ‘मला राखण नको.’ कोणाला ठेवू? आणि परक्या माणसावर घर सोडायचं तरी कसं?
– एक मुलगा, बंगळुरू

उत्तर

तुम्ही लिहिलंय त्यावरून आमचं मत चार तासांच्या गृहस्थांच्या बाजूने आहे, आणि ते तास संध्याकाळचे असावेत. मात्र त्यांना हो म्हणण्याआधी गॅसचा विषय मार्गी लावा. ‘वय झालं, विसरणारच’ म्हणून तो सोडून देऊ नका.

दोनदा गॅस चालू राहणं हे नानांच्या फॅमिली डॉक्टरांना सांगायलाच हवं. सांगणार ताई, कारण नाना स्वतः सांगणार नाहीत. बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी, ऐकू किती येतं याची तपासणी आणि मन उदास आहे का याची चौकशी, एवढं तरी व्हायला हवं. साखरेसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं, आणि त्याने विसराळूपणा वाढतो. पन्नासएक वर्षांची सोबत गेल्यावर माणूस जेवणाकडे, वेळेकडे लक्ष देईनासा होतो, तेही बाहेरून विसरण्यासारखंच दिसतं. यातल्या पुष्कळ गोष्टींवर उपचार आहेत. कारण वेगळं निघालं, म्हणजे स्मृतिभ्रंशाची सुरुवात असली, तर चार तासांचा माणूस पुरणार नाही आणि हा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल. म्हणून डॉक्टर आधी, माणूस नंतर. तोवर चहा-दुधासाठी आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी घ्या आणि स्वयंपाकाच्या ताईंना जाताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायला सांगा. नानांना इंडक्शनची सवय व्हायला आठवडा जाईल. एकच वेळ ठरवून, एकाच पातेल्यात, एकच बटण दाबायचं असं शिकवलं तर जमतं.

दुसरी गोष्ट ताईने पुढच्या भेटीत करावी. हातांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची आणि तिच्यापासून ३ मीटरवर फरशीला चिकटपट्टी लावायची. नानांनी नेहमीची चप्पल आणि काठी घेऊन खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. ‘उठा’ म्हटल्यापासून बसेपर्यंतचे सेकंद मोबाइलवर मोजायचे. १२ किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजायचं आणि फिजिओथेरपिस्टला दाखवायचं. उठताना हाताचा किती जोर लावतात आणि वळताना अडखळतात का, हे सेकंदांइतकंच महत्त्वाचं आहे. ते लिहून ठेवा.

आता सोबतीचा माणूस काय करतो आणि काय करत नाही, हे नीट ठरवून घेऊ. पुढची बहुतेक भांडणं इथे मोघम राहिल्यामुळे होतात. सोबतीचा माणूस गप्पा मारतो, पेपर वाचून दाखवतो, जेवण गरम करून वाढतो आणि समोर बसतो, फिरायला नेतो, दवाखान्यात बरोबर जातो, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेतो, गोळ्यांची आठवण करतो. इंजेक्शन, जखमेची पट्टी, कॅथेटर, नळीतून जेवण ही त्याची कामं नव्हेत. गोळीचं प्रमाण कमी-जास्त करणं तर मुळीच नाही. आंघोळ, कपडे, संडास, अंथरुणातून उठणं, जेवणं यातल्या एखाद्या गोष्टीला रोज हात लागत असेल तर शिकलेला अटेंडंट लागतो. नाना हे सगळं स्वतः करतात. म्हणूनच ब्युरोचा बारा तासांचा केअरटेकर आज तुमच्या घरी बहुतेक वेळ मोबाइल बघत बसेल, आणि नानांना आपल्यावर कुणीतरी नजर ठेवून बसलंय असंच वाटत राहील.

गोळ्यांची विभागणी अशी करा. दिवसाला चार खण असलेले, आठवड्याचे दोन डबे घ्या. ताई पंधरा दिवसांनी येते तेव्हा दोन्ही तिनेच भरायचे, डॉक्टरांची ताजी चिठ्ठी समोर ठेवून. सोबतीच्या माणसाने खण उघडून समोर ठेवायचा, नानांनी घेतली हे पाहायचं आणि वहीत खूण करायची. पाकिटातून गोळी काढून द्यायची नाही. जुनी, बंद झालेली पाकिटं घरात ठेवू नका. घोळ त्यांच्यामुळेच होतो.

संध्याकाळच का? ब्युरोची ड्युटी सकाळी आठ ते रात्री आठ असते ती त्यांच्या सोयीने. तुमच्या घरात सकाळी अकरापर्यंत माणसांची ये-जा आहे आणि दुपारी नाना आडवे होत असतील. अडचण संध्याकाळी सुरू होते: घर रिकामं, जेवायला एकट्याने बसायचं, म्हणून चहा-बिस्किट. साखरेच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइडसारख्या, घेऊन नीट जेवलं नाही तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. ती रात्री उतरली तर कळायलाही कोणी नसतं. नानांना कोणती गोळी आहे आणि ती नेमकी कधी घ्यायची, हे डॉक्टरांना विचाराच. साडेचार ते साडेआठ ही वेळ धरली तर चहा, उजेड असताना फिरणं, जेवण, गोळी आणि रात्रीची आवराआवर एवढं सगळं तिच्यात बसतं. वेळ कायम करण्याआधी ताईने एखादा आठवडा फोनवरून विचारून टिपून ठेवावं की नाना कधी उठतात, कधी झोपतात, कधी काय खातात, दिवसातला कोणता वेळ त्यांना खायला उठतो. आमचा अंदाज चुकू शकतो, त्यांचा आठवडा चुकणार नाही.

पैशांचं गणित करून पाहू. ब्युरोचे २४,००० म्हणजे ३० दिवसांचे ३६० तास, तासाला साधारण ६७ रुपये. गृहस्थांचे ९,००० म्हणजे २६ दिवसांचे १०४ तास, तासाला ८६-८७. दर जास्त दिसतो, पण तुम्हाला हवे तेवढेच तास विकत घेताय, आणि पैसे पूर्णपणे काम करणाऱ्याच्या हातात जातात. ब्युरोला विचारून पाहा की २४,००० मधले त्या मुलाच्या हातात किती पडतात. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर समजा की मुलगा फार दिवस टिकणार नाही. कमी पैशात बारा तास काढणारा माणूस दुसरीकडे हजार रुपये जास्त मिळाले की जातो. मग नव्या माणसाला पुन्हा सगळं पहिल्यापासून शिकवायचं, आणि नानांनीही पुन्हा नव्या चेहऱ्याला घरात घ्यायचं.

वाचलेल्या १५,००० पैकी काही पैसे लगेच घरावर घाला. संडासाच्या आणि आंघोळीच्या जागी भिंतीत पक्के बसवलेले धरायचे दांडे लावा. नानांना तिथे उभं करून, हात सहज जातो तिथे पेन्सिलने खूण करूनच ते बसवा. टॉवेलची दांडी आधार नव्हे, वजन पडलं की ती उखडते. बाथरूमची कडी बाहेरून उघडता येईल अशी बदला. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर जळणारे दोन छोटे दिवे लावा. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे का पाहा, नसेल तर सोसायटीशी बोला. जास्तीची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा.

तरीही ब्युरोचा दरवाजा बंद करू नका. उद्या नाना आजारी पडले आणि दिवस-रात्रीची माणसं लागली तर तिथेच जावं लागेल. तेव्हा विचारायचं ते आत्ताच विचारून ठेवा. माणूस आला नाही तर किती तासांत बदली देणार? नोंदणीचे आणि डिपॉझिटचे पैसे कोणत्या अटीवर परत? कामाची यादी लेखी देणार का? सुपरवायझर घरी किती दिवसांनी येतो? पावती संस्थेच्या नावाची मिळेल का? करारात एक कलम हमखास असतं, की त्यांचा माणूस तुम्ही परस्पर ठेवलात तर दंड. ते वाचून मगच सही करा. आणि ‘२४ तासांचा माणूस’ म्हणजे काय हेही लक्षात असू द्या: तो रात्री झोपणार. नाना रात्री तीन-चारदा उठत असतील तर एका माणसाकडून दिवस आणि रात्र दोन्ही होत नाही, दोन पाळ्या लागतात.

आता गृहस्थांची चौकशी. ओळखीतून आले म्हणून पडताळणी टाळू नका, आणि ती करताना संकोचही नको. सरळ सांगा की जो येईल त्याची करतो. इंदिरानगर पोलीस ठाण्यात त्यांचा फोटो, आधारची प्रत, सध्याचा आणि मूळ गावचा पत्ता देऊन पडताळणीचा अर्ज करा. आधारची नुसती झेरॉक्स घेऊन ठेवणं म्हणजे पडताळणी नव्हे. ते राहतात तिथे ताईने एकदा स्वतः जाऊन यावं, घरच्यांना भेटावं. आधी कुठे असं काम केलं असेल तर त्या घरी फोन करून ‘माणूस कसा आहे?’ असं विचारू नका. सगळे ‘चांगला आहे’ म्हणतात. विचारा: काम का थांबलं? न सांगता दांड्या किती? उचल मागितली का, फेडली का? गरज पडली तर पुन्हा ठेवाल का? शेवटच्या प्रश्नानंतर समोरचा किती वेळ थांबतो, तेवढं ऐका. इंदिरानगरच्या ज्येष्ठ नागरिक संघातही विचारून पाहा. कोणाच्या घरी कोण टिकलं आणि कोण का गेलं, हे तिथल्या मंडळींना बरोबर माहीत असतं.

भेट नानांच्या घरी आणि नानांसमोर व्हायला हवी. गृहस्थ बोलताना कोणाकडे बघतात ते पाहा. सगळी उत्तरं ताईकडे बघून देत असतील आणि नानांविषयी ‘आजोबांना काय काय लागतं?’ असं त्यांच्या देखत विचारत असतील तर तिथेच खूण पटते. पाटबंधारे खात्यात जन्मभर साहेब म्हणवून घेतलेल्या माणसाला एकदम ‘आजोबा’ झेपत नाही. काय हाक मारू, हे त्यांनी नानांना विचारावं. मग चार साधी कामं द्या. पेपरमधली एक बातमी मोठ्याने वाचायला सांगा. आवाज नानांच्या कानापर्यंत पोचतो का आणि वाचन अडखळतं का ते कळेल. गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव आणि मुदत वाचायला लावा. बिनसाखरेचा चहा करायला सांगा आणि ते काम झाल्यावर गॅस बंद करून पुन्हा बघतात का ते पाहा. आणि शेवटी नानांना घेऊन जिना उतरायला सांगा.

जिन्यावर माणूस कुठे उभा राहतो यावरून बरंच कळतं. उतरताना त्याने नानांच्या एक पायरी खाली, किंचित बाजूला असायला हवं. चढताना एक पायरी मागे. नानांचा एक हात कठड्यावर. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. सपाट रस्त्यावर काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात हवी आणि सोबतीचा माणूस दुखऱ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे. दंड धरून पुढे ओढणारा माणूस प्रेमळ असला तरी धोक्याचा, कारण त्या ओढीनेच तोल जातो. गृहस्थांना हे माहीत नसलं तरी बिघडत नाही. एकदा दाखवल्यावर दुसऱ्या फेरीत ते तसं करतात का, एवढंच पाहायचं. त्यांचं वय ५८ आहे, म्हणून त्यांचे स्वतःचे गुडघे आणि श्वास कसे आहेत हेही याच जिन्यावर दिसेल. ते स्वतः धापा टाकत असतील तर दुसरा माणूस शोधावा लागेल.

त्यांच्या वयाबद्दल आणखी एक. बावीस वर्षांच्या मुलापेक्षा असा माणूस नानांना रुचण्याची शक्यता आम्हाला जास्त वाटते. जुन्या नाशिकच्या आठवणी, धरणांची नावं, १९७२ चा दुष्काळ, यावर दोघांना बोलता येईल. पुढेमागे बाई ठेवायची वेळ आली तर त्यात गैर काही नाही, मात्र त्यांची जायची वेळ उजेडातली ठेवा, आणि हे ध्यानात असू द्या की कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियाही येतात. त्यांच्यासाठी घर हेच कामाचं ठिकाण आहे.

आता नाना, म्हणजे तुमच्या पत्रातला खरा प्रश्न. ‘मला राखण नको’ हा त्यांचा हट्ट आम्हाला वाटत नाही. ज्या घरात आपण कर्ता होतो त्या घरात आता आपल्यासाठी माणूस नेमला जातोय, हे त्यांना बोचतंय. त्यांना फसवून माणूस आणू नका. ‘मित्राचे काका आहेत, सहज येतील’ असलं काही सांगितलं तर महिन्याभरात कळतं, आणि मग ते तुमच्यावरही विश्वास ठेवत नाहीत, त्या माणसावरही नाही. सरळ सांगा: ‘नाना, संध्याकाळी तुम्ही जेवत नाही याची मला काळजी वाटते. माझ्यासाठी तीन आठवडे करून बघा. नंतर ठेवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.’ आणि त्यांनी नाही म्हटलं तर खरंच थांबवा, निदान त्या माणसापुरतं. शब्द पाळला तर दुसऱ्या माणसाला ते संधी देतील.

पगार दर महिन्याला नानांच्या हातून जाऊ द्या. तुम्ही ऑनलाइन पाठवणार असलात तरी पावतीच्या वहीत सही नानांसमोर आणि नानांनी घ्यावी. काम काय करायचं हेही त्यांनीच सांगावं: पासबुक भरून आणणं, विजेचं बिल, चष्म्याची काडी, कपाटातल्या जुन्या कागदांची आवराआवर, इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फेरी. पहिले दोन दिवस ताई घरात हवी. पहिल्या आठवड्यात दोनच तास, फिरणं आणि जेवण. दुसऱ्या आठवड्यापासून चार. पहिल्या दिवशीच चार तास दोन अनोळखी माणसं समोरासमोर बसवली की दोघंही घड्याळाकडे बघत राहतात.

नियम एका पानावर, मराठीत, तिघांच्या सहीने लिहा. वेळ, सुट्टीचा वार, महिन्याला एक आणि सणांच्या ठरलेल्या भरपगारी रजा, दिवाळीचा बोनस, येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. त्यात कामाची यादी, आणि ‘याशिवाय काम सांगितलं जाणार नाही’ हे वाक्य. इथे चूक घरच्यांकडून होते. ‘बसलाच आहात तर पंखा पुसून घ्या’ इथून सुरुवात होते, मग भांडी, मग बाजारहाट, आणि सोबत बाजूला पडते. जेवण वाढल्यावर नानांबरोबर टेबलाशी बसणं हे त्यांचं काम आहे. ते रिकामे बसलेत असं कोणी समजू नये. त्यांचं संध्याकाळचं जेवणही तिथेच, नानांच्या ताटाशेजारी होऊ शकलं तर फारच चांगलं. सोबत असली की माणूस एकट्याने जेवतो त्यापेक्षा दोन घास जास्त खातो.

घरखर्चासाठी २,००० रुपयांचा डबा आणि एक वही ठेवा. बिल लावायचं, शिल्लक लिहायची, ५०० वर आलं की ताईला कळवायचं. एटीएम कार्ड, पिन, ओटीपी, नानांच्या फोनवरचं यूपीआय या गोष्टींना सोबतीच्या माणसाने हात लावायचा नाही, नानांनी स्वतःहून दिलं तरी. बँकेतून जास्त रोख लागली तर घरपोच सेवा मागा. ७० वर्षांवरच्या ग्राहकांना अशी सेवा द्यायचे निर्देश रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना दिले आहेत, आणि त्यात हयातीचा दाखलाही येतो. आईचे दागिने, घराचे कागद, मुदत ठेवींच्या पावत्या माणूस यायच्या आधी लॉकरमध्ये हलवा. यात संशय घेण्याचा प्रश्न नाही. उद्या नानांना एखादी अंगठी सापडली नाही तर निरपराध माणसावर आळ येऊ नये, हेही त्यात आहे. काही सापडेनासं झालं तर आधी गाद्या, जुन्या पिशव्या, देवघर शोधा. उचल मागायची वेळ येणारच, प्रत्येकाच्या घरी आजारपण आणि शाळेची फी असते. ती तुमच्याकडे किंवा ताईकडे मागायची, नानांकडे नाही. जास्तीत जास्त एका पगाराएवढी, लिहून, तीन-चार हप्त्यांत वळती.

रोजची नोंद एका दोनशे पानी वहीत: कधी आले-गेले, नाना काय आणि किती जेवले, गोळीची खूण, किती चालले, वेगळं काही. पाच ओळी पुरेत. नानांनीही ती वाचावी. आपल्या पाठीमागे काही लिहिलं जात नाही हे त्यांना दिसायला हवं. दर महिन्याच्या एक तारखेला वजन करून तिथेच लिहा. सहा-बारा महिन्यांत न ठरवता ५ टक्के वजन उतरलं, म्हणजे ६० चे ५७ किलो झाले, तर डॉक्टरकडे जायचं.

फ्रिजवर मोठ्या अक्षरात एक कागद लावा. त्यावर शेजारी, ताई, तुम्ही, फॅमिली डॉक्टर यांचे नंबर, अँब्युलन्स १०८, गोळ्यांची यादी, ॲलर्जी. खाली तीन प्रसंग. नाना पडले तर लगेच ओढून उठवायचं नाही. कुठे दुखतं विचारायचं. एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, डोकं आपटलं किंवा मांडीच्या सांध्यात जोरात कळ आली तर हलवायचं नाही, १०८. थरथर, घाम, असंबद्ध बोलणं सुरू झालं तर साखर उतरल्याची शंका घ्यायची: शुद्धीत असतील आणि गिळता येत असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं, फरक नसेल तर पुन्हा तेवढीच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं दिसलं तर घड्याळात वेळ बघून लिहायची आणि ताबडतोब मोठ्या रुग्णालयात. ही पक्षाघाताची लक्षणं आहेत, आणि त्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. सोबतीच्या माणसाकडून हा कागद एकदा मोठ्याने वाचून घ्या.

परक्या माणसावर घर कसं सोडायचं, असं तुम्ही विचारलंत. पूर्णपणे सोडायचंच नाही. शेजाऱ्यांनी आठवड्यातून एकदा, वेगवेगळ्या वेळी, सहज डोकावावं. ताईने कधी शनिवारऐवजी शुक्रवारी संध्याकाळी यावं. तुम्ही फोनवर ‘माणूस कसा आहे?’ विचारू नका, ‘काल दोघांनी काय केलं?’ विचारा, ‘काही नाही, टीव्ही’ असं उत्तर सलग आठवडाभर आलं तर ताईने बोलायला हवं. कॅमेरा लावायचाच असेल तर दारावर आणि हॉलमध्ये, नानांना आणि त्या गृहस्थांना सांगून. झोपायच्या खोलीत आणि बाथरूमजवळ नाही. आमच्या मते कॅमेऱ्यापेक्षा शेजारच्या काकूंची पाच मिनिटांची फेरी जास्त सांगते.

काही गोष्टी मात्र दिसल्या की थांबू नका. तो माणूस जवळ असताना नाना फोनवर तुटक बोलतात. प्रत्येक फोन तोच उचलतो. नेहमी येणारे लोक यायचे बंद होतात. ‘नाना विसरतात, त्यांचं काही मनावर घेऊ नका’ असं तो वारंवार सांगतो. दंडावर, मनगटावर वळ दिसतात. खात्यातून न कळणारे पैसे जातात. अशा वेळी आधी माणूस त्या दिवसापासून बंद, मग चौकशी. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे, तातडीचं असेल तर ११२.

गृहस्थ आजारी पडले किंवा गावी गेले तर काय, हेही पहिल्या महिन्यातच ठरवा. त्यांनाच विचारा, तुमच्या ओळखीचा विश्वासाचा कोणी आहे का. असेल तर त्याचीही पोलीस पडताळणी करून, गृहस्थांसोबत दोन संध्याकाळी बसवून ठेवा. रविवारी आठला तुम्ही व्हिडिओ कॉल लावा आणि तुमचं ताट समोर घेऊन बसा.

तीन आठवड्यांनी नानांचा निर्णय, सहा आठवड्यांनी तुमचा आणि ताईचा. तेव्हा वही उघडा आणि पाहा: आठवड्यातल्या सहांपैकी किती संध्याकाळी नाना पोळी-भाजी जेवले, डब्याचे किती खण न उघडता राहिले, किती दिवस ते खाली उतरले. जेवण आणि फिरणं वाढलं असेल तर वेळ तीच ठेवा, तास वाढवायची घाई नको. गोळ्या राहत असतील, कपडे ओले दिसत असतील, नाना रात्री उठून दार उघडत असतील किंवा सहा महिन्यांत दोनदा पडले असतील, तर ब्युरोला विचारून ठेवलेल्या प्रश्नांचा कागद बाहेर काढा आणि त्याआधी डॉक्टरांना फोन करा.